जुन्या एमएक्स-५चं ऑइल गळतंय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९१ची माझदा एमएक्स-५, १.६ लिटरचं इंजिन. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली सकाळी नाण्याएवढा काळपट डाग दिसतो. गॅरेजमध्ये गाडी वर घेतली, खालून टॉर्च मारला आणि ‘मागचं मेन सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं तुम्हाला सांगण्यात आलं. (मागचं मेन सील म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाभोवती बसलेलं, ऑइल अडवणारं रबरी सील.) आता तुम्ही विचारताय, सील कुठलं घ्यावं आणि सोबत क्लचही बदलून टाकावा का.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं शेवटी देतो. आधी हे विचारतो, की सील गेलंय हे ठरलं कशावरून? थेंब तिथे पडतो म्हणून? थेंब पडतो ती ऑइलच्या प्रवासाची शेवटची जागा. प्रवास कुठून सुरू झाला ते त्यावरून कळत नाही. इंजिनाच्या वरच्या भागाच्या म्हणजे हेडच्या मागून, हेडवरच्या झाकणाच्या म्हणजे टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातून, ऑइल प्रेशर स्विचपासून, चेंबरच्या म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याच्या मागच्या कडेतून, कुठूनही निघालेलं ऑइल ओघळत बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या भागाच्या) खालच्या काठावर जमतं आणि तिथून टपकतं. त्यात गाडी चालत असताना खालून जाणारा वारा ऑइल मागे ढकलत असतो. त्यामुळे पार पुढच्या क्रँक सीलचं ऑइलसुद्धा चेंबरच्या तळावरून सरकत सरकत तिथेच येऊन पोचतं.

गॅरेजवाल्याचं निदान चुकलंय असा माझा दावा नाही. तिशी ओलांडलेल्या इंजिनाचं मागचं सील कडक झालेलं असणं अगदी शक्य आहे. पण या गाडीत त्या सीलपर्यंत पोचायचं म्हणजे प्रॉपशाफ्ट, एक्झॉस्टचा पुढचा पाइप, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला जोडणारी ती लांब अॅल्युमिनियमची पॉवर प्लांट फ्रेम, मग गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील एवढं सगळं उतरवणं आलं. एवढा घाट घालायचा तर आधी सोप्या जागा एकेक करून बाद करायला हव्यात. आणि याच इंजिनात अशी एक जागा आहे की जिची गळती हुबेहूब मागच्या सीलसारखी दिसते.

ती जागा म्हणजे कॅम अँगल सेन्सरची, म्हणजे कॅमशाफ्ट किती फिरलाय ते सांगणाऱ्या सेन्सरची, ओ-रिंग. माझदाचं हे बी-६ घराण्यातलं इंजिन मुळात ३२३सारख्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत आडवं बसायचं. तिथे हा सेन्सर इंजिनाच्या एका बाजूला, हात पोचेल असा असायचा. एमएक्स-५मध्ये तेच इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं आणि सेन्सरचं टोक फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे गेलं. वर पुन्हा इग्निशनची कॉइल हेडच्या मागेच लावलेली. म्हणजे बॉनेट उघडून उभं राहिलं तर सेन्सर जेमतेम दिसतो, आणि त्याच्या खालची बाजू तर दिसतच नाही. त्याच्या मानेवर एक रबराची ओ-रिंग असते. हेडच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजून ती कडक होते आणि तिथून ऑइल झिरपायला लागतं. हेडच्या मागच्या भिंतीवरून ते ब्लॉकवर, तिथून बेल हाउसिंगच्या पाठीवर, मग दोन्ही बाजूंनी खाली. खालून टॉर्च मारणाऱ्याला बेल हाउसिंगचा जोड ओला दिसतो आणि तो मेन सील म्हणून मोकळा होतो. ती ओ-रिंग बदलायला एक बोल्ट काढावा लागतो.

म्हणून तुमच्या गाडीत मी पहिलं काम हे करेन. इंजिन पूर्ण थंड असताना हेडच्या मागे हात घालून सेन्सरच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. मग हात तसाच खाली बेल हाउसिंगच्या वरच्या पाठीवर न्या. ती पाठ कोरडी, धुळकट असेल तर वरून काही येत नाहीये. ओली असेल तर ऑइल वरून येतंय, कारण मागच्या सीलचं ऑइल बेल हाउसिंगच्या आत असतं; ते काही चढून बाहेरच्या पाठीवर येणार नाही. लांब दांडीचा छोटा आरसा आणि टॉर्च असेल तर नजरेनेही पाहा. साध्या फोनचा कॅमेरा व्हिडिओवर ठेवून मागे सरकवला तरी पुष्कळ दिसतं.

हे झालं, तरी लगेच ओ-रिंग मागवू नका. जुन्या इंजिनात गळती एकाच जागी असते असं नाही, आणि सगळं इंजिन मागून माखलेलं असेल तर बोटाला ऑइल लागण्याला फारसा अर्थ उरत नाही. त्यामुळे पुढचं सगळं क्रमाने.

गळतंय ते नक्की काय, हे आधी बघू. प्रश्न खुळचट वाटेल, पण बेल हाउसिंगच्या आसपास या गाडीत चार वेगवेगळे द्रव पदार्थ हजर असतात. इंजिन ऑइल वापरून काळं-तपकिरी झालेलं असतं. गिअर ऑइल जास्त दाट आणि त्याला गंधकासारखा उग्र वास, एकदा घेतला की विसरत नाही. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगवरच बसलेला आहे आणि तो या मॉडेलमध्ये नेहमी गळणारा भाग; त्यातून येतं ते ब्रेक फ्लुइड, पातळ, पाण्यासारखं ओघळणारं आणि रंग खाणारं. हीटरचे पाइपही हेडच्या मागूनच जातात, म्हणजे कूलंटही तिथेच पडू शकतं. रात्री गाडीखाली स्वच्छ पांढरा पुठ्ठा टाका, त्यावर चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवा, सकाळी डागाचा रंग, वास, दाटपणा पाहा. डिपस्टिकवरच्या ऑइलचा एक थेंब त्याच पुठ्ठ्यावर शेजारी टाकून तुलना करा. क्लचच्या टाकीतली पातळी कमी होत असेल तर अर्धं कोडं तिथेच सुटलं.

थेंब कधी पडतात यालाही महत्त्व आहे. इंजिन बंद झाल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत थेंब पडून मग थांबत असतील, तर ते चालताना बाहेर येऊन साचलेलं ऑइल आहे: वरच्या जागा किंवा क्रँकची सीलं. गाडी चार दिवस हलवली नाही तरी ठरावीक गतीने थेंब पडतच असतील तर ऑइलच्या पातळीखालची जागा संशयित, म्हणजे चेंबरचा जोड किंवा ड्रेन प्लग. बंद इंजिनात चेंबरमधल्या ऑइलची पातळी क्रँकच्या खाली असते. त्यामुळे मागचं मेन सील उभ्या गाडीत दिवसेंदिवस गळत राहायचं कारण नाही. आणि इंजिन चालू असतानाच धार लागत असेल, बंद केलं की थांबत असेल, तर पंपाच्या दाबाखालची जागा बघायची: ऑइल फिल्टर किंवा प्रेशर स्विच. ही तिसरी तऱ्हा सगळ्यात धोक्याची, कारण तिथे इंजिन थोड्या वेळात रिकामं होऊ शकतं.

प्रमाणाचाही हिशोब घालून पाहा. एक मिलिलिटर म्हणजे साधारण २० थेंब. रात्री दहा थेंब पडले तर अर्धा मिलिलिटर गेलं. त्या दराने एक लिटर कमी व्हायला कित्येक वर्षं लागतील. तेव्हा सकाळचा डाग नाण्याएवढा आणि डिपस्टिक मात्र दर महिन्याला झरझर खाली येत असेल तर दोनच शक्यता: ऑइल चालत्या गाडीतून पडतंय, नाहीतर इंजिनाच्या आत जळतंय. दोन्हीत मेन सील बदलायची घाई कामाची नाही. तुम्ही प्रश्नात पातळी किती उतरते ते लिहिलेलं नाही. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी, दर वेळी त्याच पद्धतीने मोजून लिहून ठेवा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर जादा ऑइल आधी काढा; जादा भरलेलं इंजिन चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर टाकतं.

आता धुलाई. हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून लोक गाळतात, आणि मग पुढचं सगळं अंदाजावर चालतं. इंजिन थंड असताना डिग्रीझर मारून, ब्रशने घासून, हेडची मागची बाजू, बेल हाउसिंगची पाठ, चेंबरच्या कडा, पुढच्या क्रँक पुलीभोवतीचा भाग धातू दिसेपर्यंत स्वच्छ करायचा. अल्टरनेटर, कॉइल, सेन्सरची कनेक्टरं आणि एअर फ्लो मीटर प्लॅस्टिकने झाकून घ्या. प्रेशर वॉशर इंजिनवर मारू नका. या इंजिनाचे स्पार्क प्लग खोल नळ्यांमध्ये आहेत, तिथे पाणी साचलं की गाडी मिसफायर व्हायला लागते आणि मग गळती राहते बाजूला. गाडीखाली जाणार असाल तर फक्त जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

धुऊन, वाळवून झालं की पाहणी टप्प्याटप्प्याने करायची. सगळी हुशारी इथेच आहे. आधी फक्त जागच्या जागी दहा मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, बघा. मग एक छोटी फेरी, पुन्हा बघा. मग लांबची फेरी. बहुतेक लोक इंजिन धुतात, आठवडाभर गाडी चालवतात आणि मग खाली बघतात. तोवर ऑइल सगळीकडे पसरून पुन्हा पहिल्यासारखंच झालेलं असतं. पहिल्या काही मिनिटांत मात्र ओघळ छोटा असतो आणि त्याच्या वरच्या टोकाशी मूळ असतं. शोधायची ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा. खालचं आणि मागचं सगळं तिचंच असू शकतं, म्हणून ती बंद केल्याशिवाय खालच्या कुठल्याही जागेवर ठपका ठेवायचा नाही.

ओघळ ओळखू येत नसेल तर दोन उपाय. एक, संशयित जागेच्या खाली टाल्कम पावडरची पातळ फुंकर मारा. पांढऱ्यावर ऑइलची रेघ लगेच उमटते. दोन, इंजिन ऑइलसाठी मिळणारा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग. तो ऑइलमध्ये मिसळून इंजिन चालवायचं आणि अंधारात अतिनील टॉर्च मारायचा, गळती पिवळसर-हिरवी चमकते. रंग ऑइलचाच घ्या, एसीच्या गॅसचा किंवा कूलंटचा नको. रंग वापरतानाही वरची धुलाई आणि टप्प्यांची पाहणी चुकत नाही. न धुतलेल्या इंजिनात रंग टाकला की सगळंच चमकतं.

मग बेल हाउसिंगच्या आत डोकवा. क्लचचा काटा जिथे बाहेर येतो तिथलं रबरी बूट बाजूला सरकवलं की आत बारीक कॅमेऱ्याची वायर घालता येते. असे कॅमेरे हल्ली फोनला जोडता येतात. आतली भिंत आणि फ्लायव्हीलची मागची बाजू कोरडी, नुसती क्लचची धूळ असलेली दिसली, तर मेन सील निर्दोष. आत ऑइल असेल तर ते फ्लायव्हीलने भिरकावल्यामुळे भिंतीवर गोल पट्ट्यासारखं दिसतं. तरी एकदा वास घ्या: गिअर ऑइलचा वास आला तर इंजिनाचं सील दोषी नाही, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील दोषी. गिअरबॉक्स दोन्हीकडे उतरतोच, पण बदलायचा भाग वेगळा. आधी कळलेलं बरं.

आता एक गोष्ट, जी मी कुठलंही सील बदलायच्या आधी तपासतोच: क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतला दाब. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली निसटतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर काढायचं काम पीसीव्ही व्हॉल्व्हचं. एमएक्स-५मध्ये तो टॅपेट कव्हरवर इनटेकच्या बाजूला, रबराच्या ग्रॉमेटमध्ये खोचलेला असतो. दुसऱ्या बाजूच्या नळीने फिल्टरमधून आलेली ताजी हवा आत येते. व्हॉल्व्ह चिकट मळाने तुंबला की आतला दाब वाढतो आणि ऑइल सगळ्यात दुबळ्या फटीतून बाहेर पडतं. मग तुम्ही ती फट बुजवता, तर पुढची दुबळी फट वाहायला लागते. ‘एक गळती बंद केली की दुसरी सुरू होते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाडीत मी आधी इथेच हात घालतो.

तपासायला महागडं काही लागत नाही. इंजिन गरम, जागच्या जागी चालू. ऑइल भरायचं झाकण काढा. तुमच्या १.६मध्ये आत येणारी हवा झडपेच्या एअर फ्लो मीटरने मोजली जाते, त्यामुळे झाकण उघडताच न मोजलेली हवा आत शिरते आणि इंजिन अडखळायला हवं. अडखळलं तर आत ओढ आहे, पीसीव्ही काम करतोय. मग त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून बसवा. तो किंचित आत ओढला गेला तर ठीक. फुगला तर आत दाब आहे. व्हॉल्व्ह काढून हलवून बघा, खुळखुळायला हवा. पण नुसता खुळखुळला म्हणून पास करू नका, स्वच्छ नळीने दोन्ही बाजूंनी फुंकून बघा, हवा एका बाजूनेच मोकळी जायला हवी. स्वस्त भाग आहे, शंका असेल तर नवाच टाका. ग्रॉमेट दगड झालेलं असेल तर तेही, कारण तिथूनही ऑइल पाझरतं.

नवा व्हॉल्व्ह टाकूनही हातमोजा फुगतोच आहे, तर मात्र रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत का ते लीक-डाउन टेस्टने पाहावं लागेल: सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून फुसफुस ऐकू आली तर ती रिंगांमधून खाली चाललीय. अशा इंजिनात नवीन मेन सील घालणं म्हणजे फुटक्या धरणाचा दरवाजा रंगवणं. तो निकाल आला तर चर्चा पूर्णच वेगळी होते, म्हणून इथे लांबवत नाही.

समजा दाब ठीक आहे आणि ओघळाचं टोक सेन्सरपाशीच सापडलं. मग काम असं. काढण्याआधी सेन्सरचं अंग आणि हेड या दोन्हींवर मिळून एक बारीक, सरळ ओरखडा मारा. हा सेन्सर फिरवूनच या इंजिनाचं इग्निशन टायमिंग लावतात. खूण न करता काढलात तर परत नेमका कुठे बसवायचा ते कळणार नाही. बोल्ट काढून सेन्सर हलके हलके फिरवत मागे ओढा, हिसका देऊ नका. जुनी ओ-रिंग बघण्यासारखी असते. नवीन रिंगचा काप गोल असतो, नखाने दाबला की दबतो आणि परत वर येतो. जुनी घराच्या आकाराची होऊन दोन बाजूंनी सपाट झालेली, काळी चकचकीत, आणि टोकदार काडीने उचलायला गेलं की वाकण्याऐवजी तटकन तुटते. खोबणीत तिचे तुकडे राहू देऊ नका. साध्या नायट्राइल रबराऐवजी व्हिटॉनची रिंग मिळाली तर ती घ्या. नायट्राइल १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या पुढे फार काळ टिकत नाही, व्हिटॉन २०० अंशांपर्यंतही तग धरतं. माप मूळ भागाचंच हवं. रिंगला स्वच्छ इंजिन ऑइल लावा, सेन्सर खुणेवर बसवा, आणि शक्य असेल तर टायमिंग लाइटने तपासा: डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि ग्राउंड या पिना जोडून, टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या क्षणाच्या) १० अंश आधी.

सेन्सर कोरडा निघाला तर त्याच्याच डोक्यावरचा दुसरा संशयित टॅपेट कव्हर. त्याच्या गॅस्केटला मागच्या टोकाला, जिथे गोलाई संपून सरळ कड सुरू होते, त्या कोपऱ्यांत सीलंटचा छोटा ठिपका लागतो. कोणीतरी घाईत गॅस्केट टाकताना तो विसरतो, किंवा उलट सगळ्या गॅस्केटवरच सीलंटचा थर चोपडतो. दोन्ही चूक. गळती थांबवायला बोल्ट आवळत जाऊ नका. हे बोल्ट हलक्या टॉर्कचे आहेत, जास्त आवळले तर कव्हर वाकतं किंवा हेडमधले अॅल्युमिनियमचे आटे जातात. स्पार्क प्लगच्या नळीत ऑइल सापडलं तर गॅस्केट बदलायला झालंय, मग बाहेर गळती दिसो वा न दिसो.

पुढच्या बाजूची दोन कॅम सीलं आणि क्रँक सील टायमिंग बेल्टच्या मागे असतात. तिथे गळत असेल तर बेल्टच्या कव्हरच्या तळाशी ओल दिसते आणि पुलीने उडवलेले शिंतोडे आसपास गोलाकार पसरतात. बेल्ट ऑइलने भिजला असेल तर तो बदलायचाच. तुमची गाडी १९९१ची आहे म्हणून एक सावधगिरी: सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं आणि चुकीच्या टॉर्कने बोल्ट आवळला गेला की तिथला चावीचा गाळा झिजून पुली डुगडुगायला लागते. १९९१मध्येच हा भाग सुधारला गेला, त्यामुळे तुमच्याकडे दोन्हीपैकी कुठलाही असू शकतो. पुलीच्या बोल्टभोवतीच्या कडेला चार खाचा असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. आखूड निघाला तर पुढचं सील बदलणाऱ्याला ते आधी सांगा.

बाकीचं भराभर. ऑइल प्रेशर स्विचचं प्लॅस्टिक आणि धातू यांच्या जोडातून ऑइल येतं; कनेक्टर काढल्यावर आत ऑइल दिसलं की स्विच बाद. फिल्टर बदलल्यानंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर जुन्या फिल्टरची रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, ही शक्यता आधी तपासा. चेंबरचा जोड खरंच गळत असेल तर तो या गाडीत कटकटीचा आहे, कारण क्रॉसमेंबर आड येतो. नुसता घाम असेल तर पुसून, नजर ठेवून चालवली तरी चालते.

गळती थांबवणारी औषधं बाटलीत मिळतात. ती रबर थोडं फुगवतात, कधी कधी थेंब थांबतोही. शोध चालू असताना ती टाकू नका, कारण मग काय कशामुळे थांबलं ते कळत नाही. आणि जी गाडी ठेवायची आहे तिच्यात मी नंतरही टाकणार नाही. फुगवलेलं रबर पुढे मऊ पडतं. सिंथेटिक ऑइलमुळे गळती होते हे सरसकट खरं नाही. त्यातली डिटर्जंट जुना मळ धुऊन काढतात आणि मळाने बुजलेली फट उघडी पडते, एवढंच.

हे वाचणाऱ्या कोणाची गाडी दुसरी असेल तर रीत तीच, जागा वेगळ्या. एअर-कूल्ड पोर्शे ९११मध्ये ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि पातळी इंजिन गरम, चालू आणि गाडी सपाट असताना पाहायची. थंड इंजिनावर पाहून ऑइल कमी समजून ओतणारे स्वतःच गळती तयार करतात. त्यात कॅमशाफ्टच्या हाउसिंगपासून क्रँककेसकडे ऑइल परत नेणाऱ्या रिटर्न ट्यूबांच्या ओ-रिंगा हे नेहमीचं ठिकाण. सुरुवातीच्या तीन बेअरिंगच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये क्रँकच्या मागे रबरी कडेचं लिप सील नव्हतंच, ऑइल मागे फिरवणारी आट्यांसारखी खोबण होती. अशा इंजिनाकडून पूर्ण कोरडेपणाची अपेक्षा ठेवली तर आयुष्यभर सील शोधत बसाल.

गाडी चालवायची की नाही, हे थेंब कुठे पडतो त्यावर ठरतं. ऑइल गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून धूर किंवा जळका वास येत असेल, टायमिंग बेल्ट भिजत असेल, क्लच घसरत असेल, किंवा इंजिन चालू असताना धार दिसत असेल तर गाडी उभी करा. बाकी गळती असताना दर आठवड्याला पातळी बघून शांतपणे शोध घेता येतो.

एवढं सगळं करून बेल हाउसिंगच्या आत इंजिन ऑइलच सापडलं, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरलं आणि गिअरबॉक्स उतरवा. आता तुमचे मूळ प्रश्न. सील मूळ माझदाचं किंवा मूळ दर्जाचं घ्या, आणि ज्या धारकात ते बसतं तो धारकही ब्लॉकवरून काढून त्याचं गॅस्केट बदला. नुसतं सील बदलून गॅस्केट जुनं ठेवलं तर पुन्हा तीच जागा ओली होते. क्रँकवर जिथे सीलची कड घासते तिथे नख फिरवा. नख अडकेल इतकी खाच असेल तर नवं सील त्याच खाचेत बसवू नका, एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने बसवा म्हणजे कड ताज्या पृष्ठभागावर येईल. सील सरळ, सगळीकडून सारख्या दाबाने, कडेला ऑइल लावून बसवायचं. बऱ्याच इंजिनांत फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं आरपार आत उघडतात आणि बोल्टच्या आट्यांना सीलंट लागतं. काढलेल्या बोल्टांवर जुना सीलंट दिसला तर तो साफ करून नवा लावा, नाहीतर गळती सीलची नसून बोल्टांची निघेल. गिअरबॉक्सचं इनपुट सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदला. क्लच प्लेट कोरडी आणि जाड असेल तर ठेवता येईल. तिच्यावर ऑइल आलेलं असेल तर मात्र नवीच घ्या. पेट्रोलने धुऊन वाळवली तरी गरम झाल्यावर आत मुरलेलं ऑइल परत वर येतं आणि क्लच धरताना हिसके बसायला लागतात.